फुलणाऱ्या माशाला मिटायलाही जागा हवी

फायटर मासा घरी आणणाऱ्याला सगळ्यात आधी आवडतं ते त्याचं फुलणं. कल्ल्यांची झाकणं दोन्ही बाजूंना उभी राहतात, त्यांच्याखालचा गडद पडदा बाहेर येतो, सगळे पर ताणले जातात, अंगावरचा रंग बघता बघता चढतो आणि बोटभर लांबीचा मासा दुप्पट दिसायला लागतो. नोकरीसाठी बंगळुरूला आलो तेव्हापासून मी हे मासे पाळतोय. इथे शिवाजीनगरला रसेल मार्केटच्या आसपास फिरलात, तर छोट्या डब्यांत एकेकटे ठेवलेले फायटर ओळीनं मांडलेले दिसतात. पुष्कळसे चेन्नईच्या कोळत्तूर भागातून येतात, शोभेच्या माशांची पैदास हा तिथला मोठा धंदा आहे. दुकानदार दोन डब्यांमधलं पुठ्ठ्याचं कार्ड क्षणभर काढतो, दोन्ही नर फुलतात आणि गिऱ्हाईक पैसे काढतं.

मूळचा हा मासा थायलंडचा. भातखाचरं, दलदल, गवतानं भरलेलं उथळ पाणी हे त्याचं घर. तिथे दोन नर समोरासमोर आले की आधी अंग दाखवतात, एकमेकांचं बळ जोखतात. एकाला आपलं जमणार नाही हे कळलं की तो मागे सरतो आणि गवतात दिसेनासा होतो. म्हणजे फुलणं हे बरेचदा लढाई टाळण्यासाठी असतं. काचेच्या टाकीत मात्र मागे सरायला गवत नाही, आणि समोरचा जिंकून निघूनही जात नाही. फुलणं सुरू होतं, संपत नाही. ते संपवायची जबाबदारी आपल्यावर येते. ती कशी पार पाडायची, याबद्दल मला जे उमगलं ते इथे लिहितो.

१. समोर कोण दिसतंय, ते त्याच्या डोळ्यांनी बघा.

संध्याकाळी खोलीत अंधार आणि टाकीत दिवा, अशी वेळ असली की काचेचा आतून आरसा होतो. माशाला जिकडे वळावं तिकडे एक नर दिसतो: स्वतःएवढाच, आपण फुललो की फुलणारा आणि कधीच माघार न घेणारा. पुष्कळ जण सांगतात, ‘आमचा फायटर रात्र झाली की काचेला लागून वरखाली, वरखाली करत राहतो.’ त्यांना मी सांगतो, दिवा लावा, टाकीसमोर बसा, डोळे माशाच्या पातळीला आणा आणि बाजूच्या काचेकडे तिरकं बघा. बहुतेकांना तिथे दुसरा मासा दिसतो आणि पुढचं काही समजावून सांगावं लागत नाही.

उपाय साधे आहेत. खोलीतला दिवा आधी लावायचा, टाकीतला मागाहून. मालवताना टाकीतला आधी. टाकीचा दिवा फार प्रखर नको. मागच्या आणि बाजूंच्या काचांना बाहेरून कागद लावायचा, पण काळा नाही. काळ्या कागदावर रंग उठून दिसतात म्हणून दुकानात तोच पुढे करतात, पण मागे काळोख असला की काच आणखीच आरशासारखी होते. मी फिकट, चकाकी नसलेला कागद लावतो. शिवाय काचेला लागून झाडं लावली की प्रतिबिंब अखंड दिसत नाही, तुकड्यातुकड्यात दिसतं, आणि तुकड्यांशी तो फारसा भांडत नाही. ठरावीक वेळी दिवा लावणारा-मालवणारा टायमर घेतला तर उत्तम. दिवसाचे आठ-दहा तास उजेड पुरतो. रात्र त्याला रात्रीसारखीच मिळायला हवी.

२. ‘त्याला आवडतं’ म्हणून आरसा ठेवू नका.

हा वाद मी अनेकदा घातलाय. आरसा दाखवला की मासा धावत येतो, म्हणजे त्याला मजा वाटते, असं लोकांचं म्हणणं. त्यात तथ्य नाही असं नाही. १९६३ साली ट्रॅव्हिस थॉम्पसन या अमेरिकी संशोधकानं ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. ठरावीक कृती केली की आपलं प्रतिबिंब थोडा वेळ दिसतं, हे नर फायटर शिकतात आणि ते दिसावं म्हणून ती कृती पुन्हा पुन्हा करतात, असं त्यात दिसलं. म्हणजे प्रतिस्पर्धी दिसणं ही त्यांना नुसती भीतीची गोष्ट नाही, ओढही आहे.

पण ओढ कशाची? खऱ्या पाण्यात त्या झटापटीच्या शेवटी काहीतरी पदरात पडतं. हद्द राखली जाते, मादी येते, घरटं टिकतं. आरशातल्या नराला हरवून काहीच मिळत नाही, आणि तो हरतही नाही. म्हणून मासा पुन्हा येतो, पुन्हा फुलतो. ही ओढ माणसानं आणखी तीव्र केली आहे. या माशाच्या जनुकांवरच्या २०२२च्या एका अभ्यासानुसार माणूस हा मासा किमान हजार वर्षं पाळत आला आहे. थायलंडमध्ये त्याच्या झुंजींवर पैजा लागत, आणि पैजेसाठी चिवट लढणारेच नर पुढच्या पिढीला निवडले जात. आपल्या घरातल्या टाकीत पोहतोय तो त्या निवडीतून आलेला मासा आहे. ‘आता पुरे’ हे त्याच्या रक्तातच कमी आहे, ते आपण म्हणायचं.

व्यायाम होतो म्हणून रोज दोन-तीन मिनिटं आरसा दाखवावा, असं सांगणारे जाणकार आहेत. एवढ्यानं नुकसान होतं असं मी म्हणणार नाही. पण ज्या टाकीत पोहायला वीस लिटर पाणी आहे, वळसे घ्यायला झाडं आहेत, तिथल्या माशाला त्याची गरज मला कधी दिसली नाही. दाखवलाच, तर आरसा काढल्यावर त्याच्याकडे बघत राहा. थोड्या वेळात पर सैल सोडून तो पुन्हा टाकीत हिंडायला लागला, खाणं टाकल्यावर आला, तर ठीक. तो त्याच काचेपाशी घुटमळत राहिला, तर त्याच्या लेखी तो नर अजून तिथेच आहे.

३. गारठलेल्या माशाला शांत समजू नका.

मुंबईहून इथे आलेल्या मराठी घरांत हे हमखास घडतं. मुंबईत फायटरला वर्षातले बरेच महिने हीटर लागत नाही, म्हणून इथेही घेतला जात नाही. बंगळुरू समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवर आहे. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा पंधरा-सोळावर येतो, आणि जून ते सप्टेंबरच्या ढगाळ दिवसांतही हवा गारच असते. फायटरला पाणी पंचवीस ते अठ्ठावीस अंशांचं लागतं. घरातल्या टाकीतलं पाणी एकवीस-बावीसवर आलं की त्याचं सगळंच मंदावतं. तो फुलत नाही, टाकीत हिंडत नाही, तळाशी किंवा पानाच्या आडोशाला पडून राहतो. घरचे म्हणतात, ‘बरं झालं बाई, शांत झाला एकदाचा.’

वीस लिटरच्या टाकीला पंचवीस ते पन्नास वॉटचा, आपोआप बंद-चालू होणारा छोटा हीटर पुरतो. थर्मामीटर हीटरच्या समोरच्या टोकाला लावावा, म्हणजे सगळ्या पाण्याचं तापमान कळतं. झाकणही हवं. एक तर हा मासा उडी मारतो. दुसरं म्हणजे आपल्या मरळीसारखा तोही पृष्ठभागावर येऊन हवा घेतो, त्यामुळे पाण्यावरची हवासुद्धा ऊबदार असलेली बरी. हीटर लावल्यावर काही दिवसांत तो पुन्हा फुलायला लागला, तर घाबरून हीटर काढू नका. तो बरा झालाय. आता पहिल्या मुद्द्यातला आरसा शोधा.

४. रेघा वाचायला शिका.

डोक्यापासून शेपटीपर्यंत आडव्या गडद रेघा आणि रंग फिकटलेला, तर मासा घाबरलाय किंवा दबलाय. नव्यानं आणलेल्या आणि लहान वयाच्या माशांत, तसंच माद्यांत त्या लवकर दिसतात. मादीच्या अंगावर उभे पट्टे आले, तर त्याचा अर्थ अगदी वेगळा, ती अंडी घालायला तयार आहे. नराचे पर अंगाला चिकटलेले, खाण्याकडे दुर्लक्ष आणि दिवसभर एकाच कोपऱ्यात मुक्काम, या तीन गोष्टी एकत्र आल्या तर मी रेघांची वाट बघत नाही, सरळ पाणी तपासतो.

५. कल्ले उघडे दिसले म्हणजे तो फुललाच असं नाही.

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे चूक झाली तर मासा जातो. खरं फुलणं दोन्ही बाजूंनी सारखं असतं, समोर कुणीतरी असताना होतं, आणि ते कारण दूर झालं की झाकणं पुन्हा घट्ट मिटतात. समोर कुणी नसताना झाकणं उघडीच राहिली, एकच बाजू वर आलेली दिसली, कल्ले लालभडक दिसले किंवा मासा सारखा हवा घ्यायला वर येऊ लागला, तर ते प्रदर्शन नाही, दुखणं आहे. आणि बहुतेक वेळा दुखण्याचं कारण पाण्यात असतं. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, तो कल्ल्यांना पोळतो. अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू नव्या टाकीत तयार व्हायला काही आठवडे जातात. तोवर छोटी टाकी फार धोक्याची.

त्यात बंगळुरूचं पाणी. कावेरीचं पाणी शंभरेक किलोमीटरवरून पंपानं चढवून आणलं जातं आणि क्लोरीन घालून नळाला येतं. पुष्कळ सोसायट्यांत ते जमिनीखालच्या हौदात, म्हणजे संपमध्ये, बोअरवेलच्या जड पाण्यात मिसळतं, आणि उन्हाळ्यात त्यात टँकरच्या पाण्याची भर पडते. २०२४च्या उन्हाळ्यात शहरातल्या कितीतरी बोअरवेल आटल्या. तेव्हा एकाच इमारतीत आज एक पाणी तर उद्या दुसरं, अशी परिस्थिती होती. माणसाला ते चवीवरून कळतं, माशाला अंगावर सोसावं लागतं. तेव्हापासून माझा नेम असा: बदलायचं पाणी आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवायचं, त्यात क्लोरीन काढणारे थेंब टाकायचे, टाकीतल्या पाण्याइतकं कोमट करायचं, आणि आठवड्यातून एकदा साधारण चौथा हिस्सा, हळूहळू ओतत बदलायचं. संपमध्ये टँकर रिकामा झालाय असं वॉचमननं सांगितलं, तर त्याहूनही कमी. घरातल्या आरओचं नुसतं पाणी वापरायचा मोह होतो, कारण ते स्वच्छ वाटतं. पण माशाला लागणारे क्षारही त्यातून निघून गेलेले असतात.

अमोनिया तपासायचा छोटा संच औषधांच्या डझनभर बाटल्यांपेक्षा उपयोगी आहे. तो आधी घ्या.

६. दोन नर ठेवायचे, तर मध्ये आरपार दिसणारं काही नको.

एका लांब टाकीत जाळी किंवा पारदर्शक पत्रा घालून दोन बाजूंना दोन नर ठेवलेले दिसतात. दिसायला ते देखणं असतं. मला ते बघवत नाही. दोघांनाही शत्रू चोवीस तास दिसतो आणि दोघांपैकी एकालाही निकाल लावता येत नाही. फळी अपारदर्शकच हवी, आणि त्याहून बरं म्हणजे दोन वेगळ्या टाक्या, मध्ये एक पुठ्ठा.

आणि नुसतं बघणंसुद्धा फुकट जात नाही. ऑलिव्हेरा, मॅकग्रेगर आणि लॅट्रफ यांचा १९९८चा अभ्यास या माशांवरचाच आहे. दोन नरांची झटापट तिसऱ्या नराला काचेपलीकडून बघू दिली. नंतर त्याला त्या दोघांसमोर आणलं, तर जिंकलेल्याच्या जवळ जाऊन अंग दाखवायला त्यानं हरलेल्याच्या तुलनेत जास्त वेळ घेतला. म्हणजे तो नुसता प्रेक्षक नव्हता, हिशेब ठेवत होता. एका खोलीत चार-पाच टाक्या एकमेकींच्या नजरेच्या टप्प्यात मांडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. शेजारच्या टाकीतलं भांडण बाकीच्यांच्याही अंगावर येतं.

गप्पी सोबत ठेवू नये. त्यांच्या रंगीत, मोठ्या शेपट्या बघून फायटर त्यांना प्रतिस्पर्धी समजतो. टायगर बार्ब तर उलट फायटरचेच पर कुरतडतो.

७. लांब शेपटीचा नर लवकर दमतो.

हाफमून जातीची शेपटी उघडली की अर्धवर्तुळ होतं. ते सौंदर्य माणसानं घडवलंय आणि त्याचं ओझं मासा वाहतो. पाण्यात एवढं कापड ताणून धरायला ताकद लागते. आखूड परांचा प्लाकट तेवढाच वेळ फुलून लगेच हिंडायला लागतो, हाफमून पानावर जाऊन टेकतो. म्हणून लांब परांच्या नरासाठी प्रवाह अगदी मंद हवा, मी स्पंज फिल्टर वापरतो. पृष्ठभागाजवळ टेकायला एक रुंद पान द्यावं. आणि परांच्या कडेला चावा घेतल्यासारखा अर्धगोल तुकडा गेलेला दिसला, टाकीत दुसरं कुणी नसलं, टोकदार सजावटही नसली, तर तो स्वतःचीच शेपटी चावतोय. त्यावर औषध नाही. प्रवाह, प्रतिबिंब, कंटाळा, गारठा, यांतलं काय त्याला छळतंय ते शोधावं लागतं, आणि शोधायला वेळ द्यावा लागतो.

८. पाहुण्यांसाठी त्याला फुलवू नका.

‘दाखव ना, दाखव ना, कसा फुलतो ते’ म्हणत मुलं मोबाइलचा कॅमेरा उलटा करून काचेला लावतात. आमच्याकडे शेजारची मुलं येतात तेव्हा मी त्यांना टाकीसमोर बसवतो आणि सांगतो, पाच मिनिटं हात न लावता बसा, तोच तुमच्याकडे येईल. येतोच. फायटर फार चौकस असतो, माणसं ओळखायला लागतो, खाणं देणाऱ्या हाताकडे धावतो. हे बघितलेली मुलं पुढच्या वेळी आरसा मागत नाहीत.

मोठ्या माणसांना समजावणं जास्त अवघड. ‘मासाच तर आहे’ हे वाक्य मी पुष्कळदा ऐकलंय. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा आपला १९६०चा कायदा मनोरंजनासाठी प्राण्यांना झुंजायला चिथावणं हा गुन्हा मानतो, आणि त्यात प्राणी म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव. मासा त्यात येतो.

जाता जाता आणखी एक. पावसाळ्यात डेंग्यूच्या भीतीनं घरोघरी डासांचे फवारे मारले जातात. त्यांतली पायरेथ्रॉइड गटातली औषधं माशांना फार विषारी असतात. टाकी असलेल्या खोलीत फवारा नको, कॉइल नको, आणि हवा घ्यायला वर येणाऱ्या माशाच्या डोक्यावर उदबत्तीही नको.

९. लपायला जागा दिली की तो कमी लपतो.

हे उलटं वाटतं, पण रोज दिसतं. मोकळ्या टाकीतला नर सतत पहाऱ्यावर असतो. झाडं, एखादी मातीची कुंडी, तरंगणारी पानं दिली की तो बिनधास्त मध्ये येतो, कारण मागे सरायला वाट असते. देशी बदामाचं वाळलेलं पान यासाठी उत्तम. बंगळुरूच्या कितीतरी रस्त्यांवर ही झाडं आहेत. फवारणी नसलेल्या, रहदारीपासून दूरच्या झाडाखालची, आपसूक गळलेली तपकिरी पानं आणायची, धुवायची, एक पान टाकीत सोडायचं. पाण्याला चहाचा रंग येतो, उजेड मवाळ होतो, प्रतिबिंबही मंदावतं.

पाण्यावर बुडबुड्यांचं घरटं दिसलं की लोक ‘खूश आहे’ म्हणून फोटो पाठवतात. ते नर वयात आल्याची आणि पाणी संथ असल्याची खूण आहे. त्रासात असलेला नरही घरटं बांधतो, तेव्हा त्यावर विसंबू नका.

१०. गावी जाताना त्याला एकटं राहू द्या.

गणपतीला राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं मिरजेला जायचं असलं की माझी मासेवाली मित्रमंडळी विचारतात, मासा कुणाकडे ठेवलास? कुणाकडेच नाही. धडधाकट फायटर चार-पाच दिवस उपाशी आरामात राहतो. त्याला बाटलीत घालून दुसऱ्याच्या घरी नेणं, अनोळखी पाणी, अनोळखी काच, हे त्या उपवासापेक्षा फार जास्त सोसावं लागतं. निघायच्या आदल्या दिवशी नव्हे, तीन-चार दिवस आधी पाणी बदलावं, म्हणजे काही बिनसलंच तर आपण घरी असतो. जास्त दिवसांसाठी जायचं असेल, तर शेजारच्या आंटींना डबा देऊ नये, प्रत्येक वेळचे मोजके दाणे कागदाच्या पुड्यांत बांधून द्यावेत. प्रेमानं भरभरून टाकलेलं खाणंच पाणी बिघडवतं.

११. आणताना रंगाआधी हे बघा.

नवा नर घ्यायला गेलो की मीही दुकानदाराला कार्ड काढायला सांगतो, पण अगदी थोडा वेळ. तो फुलतो का, हे बघतोच. दोन्ही झाकणं सारखी उघडतात का, परांच्या कडा अखंड आहेत का, पोट आत गेलेलं नाही ना, हेही. मग कार्ड परत लावायला सांगतो आणि दुकानदाराला वाटतं मी निघालो, पण खरं बघणं तेव्हा सुरू होतं. झाकणं मिटतात का, पर सैल होतात का, तो डब्यात एखादा वळसा घेऊन वर हवा घ्यायला येतो का. जो नर फुलतो आणि लगेच असा मिटतोही, तो मी घेतो. घरी आणल्यावर पहिला दिवस टाकीचा दिवा लावत नाही, तिन्ही बाजूंना वर्तमानपत्र लावतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोन-तीन दाणे टाकून बघतो.